दोन क्लिक आणि एक शिक्का

३ एप्रिल, सकाळी ८
आजपासून विद्यापीठाची वेबसाइट माझ्या ताब्यात. टीम: मी आणि तियाना. कोड ती लिहिते, दिशा मी देतो.
संकल्प: विद्यार्थ्याला हवं ते दोन क्लिकमध्ये मिळालं पाहिजे. प्रत्येक पानावर जबाबदार माणसाचं नाव. फोनवर तपासल्याशिवाय काही चढवायचं नाही. स्कॅन केलेले कागद तर नाहीच नाही. हे शेवटचं तांबड्या शाईने लिहिलं.
नेवेना यंदा आर्किटेक्चरची प्रवेशपरीक्षा देणार. लेकीला म्हटलं, नोंदणीच्या तारखेसाठी नोटीस बोर्डापाशी चकरा मारू नकोस, बापाची साइट आहे. म्हणाली, म्हणूनच धाकधूक आहे, बाबा.

११ एप्रिल
डीनसाहेबांना पहिल्या पानावर सरकते फोटो हवेत. ठणकावून सांगितलं, असले फोटो कोणी बघत नाही. म्हणाले, त्यात मी आहे.
नऊ बसवले. तत्त्व सोडलेलं नाही. सावकाश सरकतात.

१९ एप्रिल
तियाना म्हणते, चार विद्यार्थ्यांना समोर बसवून साइट वापरायला लावू, अडतात कुठे ते कळेल. गरज नाही. मी स्वतः विद्यार्थी होतो. १९९१ साली.

६ मे
आज नवी साइट सुरू करायची. तारीख मीच काढलेली. बॅग घेऊन दारात, तर बायको म्हणाली, कुठे निघालास? पाद्रीबाबा येतायत सणाचा पाव कापायला.
जुर्जेवदान. आमच्या घरच्या संताचा दिवस. तियानाच्या घरचाही तोच. ऑफिसात फक्त वॉचमन, तोही दुपारी आमच्याकडे सारमा, कोबीच्या पानातला खिमा, खायला. डीनसाहेबांनी तीनदा वाढून घेतलं आणि म्हणाले, साइट झकास झालीय हं.

१४ मे
सुरू झाली! प्रवेशाच्या पानावर स्वच्छ अक्षरात: नोंदणी २४ जूनपर्यंत. जबाबदार माणूस: मी.
प्रवेश कार्यालयातल्या स्लावोय्काबाई आल्या. रातोमीर, याला शिक्का कुठाय? म्हटलं, बाई, वेबसाइटला शिक्का नसतो. मग हे खरं कशावरून? तीस वर्षं काचेमागे शिक्क्याचा कागद लावतेय, एक पोर चुकलं नाही. तुझी किती चुकतात बघू.
जुन्या पिढीची कीव येते.

२ जून
पालकांचे फोन. साइटवर तारीख दिसते, पण शिक्का नाही, धरायची का? आज एकतीस.

५ जून
तडजोड. शिक्क्याचा कागद स्कॅन करून तारखेखाली लावला. अपवाद म्हणून. आडवा आलाय. फोन आडवा धरावा, तर तोही फिरतो. नवा कागद आला की स्कॅन बाईच बदलतील, मला तेवढाच व्याप कमी.
तियानाने विचारलं, तांबड्या शाईचं काय? वही मिटली.

१९ जून, सकाळी
नेवेना म्हणाली, बाबा, पानावर २४ आहे, खालच्या कागदात २२. खरी कुठली? मी म्हटलं, पानावर जबाबदार माणसाचं नाव असतं, त्याला विचारावं. तिने पानावर बोट ठेवलं. नाव माझंच.
बाईंना फोन केला. म्हणाल्या, तारीख कधीच अलीकडे आली, नवा कागद चढवलाय की मी. वरची अक्षरं तुझी, त्यांना मी कशी हात लावू?
बाईंवर विसंबून चालणार नाही. स्वतः बोर्डापाशी जाऊन काचेमागचा कागद वाचला. २२. शिक्का ठसठशीत. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं.

१९ जून, संध्याकाळी
नेवेना नोंदणी करून आलेली. म्हटलं, कळलं कुठून? तिने फोन पुढे केला. वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी बोर्डाचा फोटो टाकलाय. सरळ, स्वच्छ, फोनवर वाचता येणारा.
कागदाच्या कडेला एक टकल्या. चष्मा कपाळावर, नाक काचेला, तारीख तळहातावर उतरवून घेतोय. खाली सत्तेचाळीस जण हसलेत.
नेवेना म्हणाली, बाबा, एका क्लिकमध्ये सापडलात.