मागची सीट

ती. ताईस, दिगंबराचा ओल्या हातांनी नमस्कार.

गाडी विकून वर्ध्याला राहायला ये म्हणतेस. उत्तराला उशीर झाला, कारण शनिवार-रविवार त्याच गाडीवर आमच्या फ्रीमेसन मंडळाच्या बंधूंसोबत सिरपूरला जुनी देवळं पाहायला गेलो होतो. आम्ही गुप्त मंत्र जपतो हा तुझा समज असू दे. प्रत्यक्षात भर पावसात भजी खाल्ली.

निघताना आमचे सुशील वकील स्वतःची मोटारसायकल घरी ठेवून माझ्या मागे बसले.

“काहून हो, गाडी बिघडली का?”

“नाही. इंदूवहिनी गेल्यापासून तुमची मागची सीट पाहवत नाही मले.”

देह क्विंटलभर. सगळा रस्ता बंधुभाव माझ्या पाठीला टेकून होता.

एरवी अक्षर न् अक्षर लावत बसणारा मी, पण तिथला संस्कृत शिलालेख न वाचताच सोडला, ह्यावरून काय ते समज. रडूही आलं नाही. अंगावर पाऊस पडतो आहे, एवढंच कळत होतं. जेवण मात्र नीट जातं, काळजी नको.

परतल्यावर आमच्या बुढापारा मोहल्ल्यात घरापाशी थांबलो आणि मागे न पाहता, इंदूला म्हणायचो तसंच म्हणालो, “सांभाळून उतर, सायलेन्सर तापलाय.”

“हव,” वकील म्हणाले आणि सांभाळून उतरले.

गाडी इतक्यात विकत नाही, ताई. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझा,
दिगू