आवरलेलं घर

ता. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आई बरी आहे हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. गेल्या गुरुवारी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात पडली. जुन्या कपड्यांचं एक गाठोडं पायात आलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, शनिवारी ऑपरेशन झालं. तुझ्या साइटवर फोन लागत नाही, आणि सामानाच्या गाडीची वाट बघण्यावाचून इलाज नाही, म्हणून हे पत्र.

चार आठवडे तरी ती दवाखान्यातच राहील. चालायला शिकवणारी बाई रोज येते. आई तिला हॉस्पिटलच्या चादरी नीट उकळत नाहीत म्हणून फैलावर घेते. तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात मुकादमी केलेली बाई ती, गप्प कशी बसणार!

पण दादा, दुसरी एक गोष्ट आहे. तिचं विसरणं वाढलंय. काल तिने मला एका तासात तीनदा विचारलं की तू शाळेतून आलास का. डॉक्टर म्हणाले, घरी नेण्याआधी वाट मोकळी करा, पुन्हा पडली तर उभी राहणार नाही. आता तूच सांग, कुठली वाट आणि कुठलं काय! खिडकीत काचेच्या बाटल्या, त्यांत पाण्यात लावलेल्या वेली. पलंगाखाली फडक्यांची गाठोडी. दोन खोल्यांच्या मधे तिने जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेला तो जाडजूड पडदा. वर्तमानपत्रांच्या थप्प्या तर माझ्या खांद्याएवढ्या. काही म्हणून टाकायचं नाही, सगळ्याचा काहीतरी उपयोग होतो, हे तिचं एकच पालुपद. तुझे सातवीतले बूटसुद्धा निघाले. आत आईने कांद्याचं बी ठेवलंय.

ग्रंथालयातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन घरी येते, कमरेला पदर खोचते आणि तासभर नुसती उभी राहते. कशाला हात लावू तेच कळत नाही. काय करू ते सविस्तर लिही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
बारकी

ता. १२ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र सिमेंटच्या पोत्यांबरोबर आलं, अर्धं पांढरं होऊन. लगेच साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, नदीला पाणी यायच्या आत पुलाचे हे दोन खांब उभे राहिले पाहिजेत, मुकादमच गेला तर माणसं कोण सांभाळणार. म्हणजे आई मुकादम, मी मुकादम, आणि राबतेस तू एकटी. लाज वाटते, पण खरं तेच लिहितो.

आता ऐक. तू ग्रंथालयात जुनी पुस्तकं बाद करतेस ना, तसंच घर आवर. एका वेळी एकच कोपरा घे. लागणारं, देण्याजोगं आणि अगदीच गेलेलं, असे तीन ढीग कर. कचऱ्यात मात्र शक्यतो काही जाऊ देऊ नकोस, नाहीतर आई तुला घराबाहेर काढेल आणि तुझ्या मागोमाग मला. बाटल्या एखाद्या रोपवाटिकेला दे. फडकी कुत्र्यामांजरांच्या आश्रमात चालतात. वर्तमानपत्रं तुमच्या बांधणीखात्यात पुठ्ठ्याला लागतील. भिंतींना उग्र वासाचा तेलरंग नको, चुना लाव, हवा खेळती राहते. पलंग खिडकीजवळ घे, तिला उजेड मिळेल. आणि तो पडदा काढच. मी लहानपणापासून त्यात अडकून पडतोय.

मन घट्ट कर. आई येऊन बघेल तेव्हा हरखून जाईल, हे मी तुला लिहून देतो.

जेवत जा वेळेवर. अभयाचा हात लांबून ठेवणारा,
दादा

ता. ३० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

झालं! बारा दिवस लागले, पण झालं. तू असतास तर दारातच चपला काढून उभा राहिला असतास.

कचऱ्यात फक्त दोन पिशव्या गेल्या. चाळीस बाटल्या रोपवाटिकेच्या बाईंनी नेल्या, त्या तर वेली बघून खूश. आश्रमाची गाडी दोनदा आली. आमच्या बांधणीवाल्यांनी वर्तमानपत्रं पाहून मला मुजराच केला. भिंतींना चुन्यात चिमूटभर पिवळी माती घालून रंग दिला, सकाळच्या उन्हात खोली लोण्यासारखी दिसते. पडदा धुवायला घेतला तर कसर लागलेली. मग त्याची बारा फडकी केली आणि त्यांनीच सगळ्या काचा पुसल्या, सोड्याने ओटा घासला. बूट पण गेले, बी तेवढं ठेवलंय. पलंग खिडकीशी, मधली वाट मोकळी. पहिल्यांदाच या घरात मी हात पसरून गिरकी घेतली, भिंतीला न लागता.

आईला प्रत्येक गोष्ट विचारूनच केली. बाटल्या देऊ का, तर हो. पडदा काढू का, तर हो. एवढ्या पटकन हो म्हणते याचं जरा नवल वाटलं, पण म्हटलं थकली असेल.

उद्या तिला आणते. वॉकर घेऊन चालते ती, अगदी ऐटीत.

तुझ्याकडून शाबासकीची हक्काने वाट बघणारी,
बारकी

ता. ६ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काय लिहू, कसं लिहू.

आई आली. दारात थांबली, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, घर फार छान ठेवलंय हो. मी हसले. मग तिने विचारलं, कोणाचं आहे?

मला वाटलं थट्टा करतेय. तिला खुर्चीत बसवलं, चहा दिला. पाहुणी बसते तशी खुर्चीच्या कडेवर बसून, पर्स मांडीवर धरून तिने तो प्यायला. कप उचलून ठेवू का, असं मलाच विचारलं. पाच वाजले तशी उठली. म्हणाली, फार उपकार झाले, आता घरी निघते, अंधार पडेल. मी सांगितलं, आई, हेच घर. ती घाबरली, दादा. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला कोंडून ठेवणारी कोणी आहे.

त्या दिवसापासून रोज पाच वाजता हेच. मधल्या वेळात चाचपडते. मोरीला जायचं तर पलंगाच्या जुन्या जागेवरून निघाल्यासारखी उजवीकडे वळते आणि भिंतीला हात लावून उभी राहते. तिथे पडदा असायचा ना. त्याचा काठ धरला की पाच पावलांवर मोरी. बाटल्यांची रांग संपली की स्वयंपाकघर. बघून नाही, मोजून नाही, हाताने ओळखायची ती हे घर. एकाच घरात तिच्याबरोबर राहूनही मला हे दिसलं नाही.

विसरण्याच्या आजाराचे डॉक्टर घरी येऊन गेले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, पडू नये म्हणून वाट मोकळी करायची होती, ते बरोबरच. पण सगळं एकदम बदलायला नको होतं, अशा माणसांची अर्धी आठवण वस्तूंत असते. जमेल तेवढं परत लावून बघा, पण फार आशा धरू नका.

मी धावत सुटले. आश्रमात ती फडकी पिल्लांखाली अंथरलेली. न मागताच परत फिरले. वर्तमानपत्रांचा पुठ्ठा झालाय, त्यात बांधलेली एक वही माझ्याच टेबलावर आहे. भिंतीचा जुना हिरवा रंग मी स्वतःच्या हाताने खरवडला.

तिने हो म्हटलं होतं, असं स्वतःला सांगते. पण ती तेव्हा सगळ्यालाच हो म्हणत होती, आणि मला तेच सोयीचं होतं.

मला काहीतरी लिही. काहीही.
बारकी

ता. १४ एप्रिल

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र खिशात घेऊन चार दिवस फिरतोय.

आधी हे डोक्यातून काढ की हे तू केलंस. सांगितलं मी. पलंग हलव, पडदा काढ, ही माझी अक्षरं आहेत. वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा येणारा माणूस घर कसं असावं ते लांबून सांगत बसला, आणि ज्या पडद्यात मी अडखळायचो, त्याच्याच आधाराने आई चालते हे मला माहीतच नव्हतं.

सोबत एक नकाशा पाठवतोय. काल बसून घर आठवेल तसं काढलं. कुठे काय होतं ते सगळं भरायला घेतलं आणि अर्ध्यातच अडलो. माणसांना नदीत खांबाची जागा बोटभरही चुकू देत नाही मी. पण आईचं टेबल खिडकीच्या डावीकडे होतं की उजवीकडे, ते आठवेना. भिंत हिरवी होती हे तुझ्या पत्रातून कळलं, माझ्या डोक्यात ती निळी होती. जिथे खात्री नाही तिथे कोरं ठेवलंय. कोरंच जास्त आहे.

पुन्हा रजा मागितली. जूनच्या आधी नाही म्हणाले. राजीनामा लिहून ठेवलाय, पण दोन खांब अर्धवट टाकून गेलो तर खालच्या माणसांच्या जिवाशी गाठ आहे. देऊही शकत नाही, फाडूही शकत नाही.

ती माझ्याबद्दल विचारते का? नसेल विचारत तरी लिही.

तुझा, काही उपयोगाचा नसलेला,
दादा

ता. २ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उशिरा लिहितेय. लिहिण्यासारखं आधी काही घडतच नव्हतं.

तुझ्या नकाशातल्या कोऱ्या जागा मी भरल्या. पलंग जागेवर गेला, टेबल डावीकडे. रोपवाटिकेच्या बाईंनी नऊ बाटल्या परत दिल्या, बाकीच्या विकल्या गेल्या होत्या. बारा फडक्यांपैकी अकरा सापडली. ती धुऊन, उकळून, पुन्हा जोडून पडदा शिवला. उंची हातभर कमी पडली. आईने पडदा हातात घेऊन पाहिला, शिवण उलटीकडून तपासली आणि म्हणाली, मेहनत केलीय हो कोणीतरी. मग सोडून दिला आणि भिंतीकडे वळली.

त्यानंतर मी हे तुझंच घर असं सांगणं थांबवलं. सांगितलं की ती घाबरायची, आणि घाबरली की पडायची भीती. आता ती इथे पाहुणी आहे आणि मी घरमालकीण. मला अहो-जाहो करते. पहिल्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले, पुढे सवय झाली असं लिहिणार होते, पण झालेली नाही.

मागच्या आठवड्यात एक झालं. मी इतकी दमले होते की सोडा भिजवत बसायचा कंटाळा आला. दुकानातून तीव्र औषधाची बाटली आणली आणि ओटा पुसायला घेतला. वास आला तशी आई वॉकर घेऊन आली. बाटली माझ्या हातातून काढून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि दाराबाहेर नेऊन ठेवली. मग धुलाईखात्यातल्या त्या आवाजात मला झापलं. असल्या पाण्याने तिचे हात सोलून निघालेत, घरात लहान माणसं असतात, कळत नाही का. सोडा मागितला, लिंबाच्या साली मागितल्या. सोड्याची लापशी करून डागावर थापली आणि थांबायला सांगितलं. मी घाईने त्यातच व्हिनेगर ओतायला गेले तर मनगट धरलं. दोन्ही एकत्र केलं की नुसता फेस, काम शून्य, एकाने एकाला मारून टाकायचं कशाला? आधी हे, मग पुसून घ्यायचं, मग ते. साली व्हिनेगरमध्ये दोन आठवडे मुरू द्यायच्या. काच पुसायची ती सावलीत, उन्हात डाग राहतात. जुन्या चादरीची फडकी फाडायची ती उभ्या धाग्यात, म्हणजे दोरे सुटत नाहीत. हे सगळं न अडखळता, दादा. माझं नाव आठवत नाही, आणि हे सगळं आठवतं.

आता रोज सकाळी दोन तास आम्ही सफाई करतो. ती खुर्चीत बसून हुकूम सोडते, मी करते. ती बरी होतेय असं मात्र समजू नकोस. पाच वाजले की पर्स मांडीवर येतेच. डॉक्टरही म्हणाले, उलट फिरणारी गोष्ट नाही ही.

तू विचारलंस, तुझी आठवण काढते का. एक मुलगा आहे, फार लांब काम करतो, जाताना डबा विसरतो, एवढं परवा म्हणाली.

आणि काल माझ्याबद्दल बोलली. चहा पिताना मी सहज विचारलं, तुम्हाला आणखी कोण आहे. म्हणाली, मुलगी आहे, पुस्तकांच्या कामाला असते. माझं घर सध्या आवरायला घेतलंय तिने, म्हणून मी इथे थांबलेय. आवरून झालं की न्यायला येईल. मग तिनेच माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, तुम्ही पत्र लिहिता ना, मग तिला दोन ओळी लिहाल का? म्हणावं, एकटीच आहेस, जीव काढू नकोस, सावकाश आवर. मी इथे चांगल्या माणसांत आहे.

लिहिते, म्हटलं. जूनमध्ये ये.

तुझी,
बारकी