रेघेच्या खाली

अल हैल, मस्कत
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुचित्रा,

गुडघे सोडले तर मी बरी आहे. तूही असशील असं धरून चालते. सात वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही.

इथली हवा आता सोसवते. संध्याकाळी समुद्राकडे फिरून येते. परवा नात शिवांगीला शाळेसाठी युरोपच्या उत्तर-दक्षिणेवर लिहायचं होतं. "आजी, लोक डिफरंट का झाले? एका लाइनमध्ये सांग." म्हटलं, हजार वर्षं एका ओळीत मावत नाहीत, बस खाली.

आणि मला आपलं एम. ए.चं वर्ष आठवलं. वसतिगृहाच्या फरशीवर युरोपचा नकाशा पसरून तू खडूने रेघ ओढलीस. वर लोणी, खाली ऑलिव्हचं तेल. वर पोरं पंधराव्या वर्षी परक्या घरी कामाला, लग्नं उशिरा, चूल वेगळी. खाली आईबाप, लेक-सुना एका छपराखाली. आणि वरच्या म्हाताऱ्यांचे ते करार. शेत मुलाच्या हवाली करताना लिहून घ्यायचे, शेगडीजवळची जागा, इतकं लोणी, इतकं सरपण.

"थंड रक्ताची माणसं," मी म्हणाले.

"वसू, लिहिलेलं असलं की मागावं लागत नाही."

त्यावर मी दोन दिवस तुझ्यासाठी चहा केला नव्हता.

पुढे तू घर मुलाच्या नावावर केलंस आणि स्टँपपेपरवर लिहून घेतलंस. पूर्वेची खोली, सकाळचा चहा, मैत्रिणींना बोलावण्याची मुभा. शेवटच्या पत्रात मी तुला लिहिलं, आई आहेस की घरमालकीण? ते वाक्य मला पाठ आहे. तुलाही असेल.

यांच्यामागे दापोलीचं घर विकून मी मुलाकडे, धनेशकडे आले. पैसे त्याच्या हाती दिले, कागद केला नाही. आपण खालचे, तेलवाले.

धनेश आणि विशाखा चांगले आहेत. शिवांगीला अभ्यासाला खोली हवी होती, ती मी माझी दिली. हॉलमधला दिवाण ऐसपैस आहे. टीव्ही बंद होईपर्यंत बाल्कनीत बसते.

मी दिली, असं सांगते. फिरून आले तेव्हा माझ्या साड्या दिवाणाखालच्या खणात गेल्या होत्या. विचारलं असतं तर हो म्हटलं असतं.

तुझ्या कागदाची प्रत पाठव. धनेशसमोर ठेवणार आहे. हवाली करायला माझ्याकडे काही उरलेलं नाही, त्यामुळे ते मागणंच होईल. तरी मागेन.

इथे टपाल घरी येत नाही, धनेशच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर येतं. पाकीट नीट चिकटव. किंवा राहू दे. त्याने उघडलं तर उघडू दे.

घरमालकिणीचं ते वाक्य मी मागे घेते.

तुझी, रेघेखाली राहिलेली,
वसू