मीठ-कोळशाची फायरवॉल

६ एप्रिल, रविवार. सकाळी.
फायरवॉल सुरू झाली. स्वतः बांधली. जुना पीसी, दोन नेटवर्क कार्डं, फुकटचं सॉफ्टवेअर आणि कोराडीच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट सेक्शनमध्ये घालवलेली हयात. आता इंटरनेट फायबरच्या डब्यातून आधी माझ्या मशीनमध्ये येणार, तिथे त्याची झडती होणार, मगच घरात पाऊल. डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करून टाकलं. बिनगेटाच्या कॉलनीत कोणी राहतं का?

मुहूर्त मुद्दाम साधला. उद्यापासून मोनालीची ट्रायल. कंपनी पुण्याची. दोन आठवडे नागपुरातून काम करून दाखव, लाइन टिकली तर कायम घरूनच कर, नाहीतर परत ये, असं तिच्या साहेबांचं म्हणणं. पोरगी घरीच राहावी असं मला फार वाटतं. तिला तसं बोललो नाही. बोलण्यापेक्षा करून दाखवणं हा आपला स्वभाव.

७ एप्रिल, सोमवार.
मोनालीची पहिली मीटिंग अडकत अडकत झाली. साहेबांचा चेहरा जांभई देताना थांबला आणि बराच वेळ तसाच राहिला. दोष पुण्याच्या बाजूचा असावा.

दुपारी मशीन तपासलं. प्रोसेसर पूर्ण थकलेला. कारण इंटरप्ट. मशीनच्या एखाद्या भागाला काही हवं असलं की तो घंटी वाजवतो आणि प्रोसेसर हातातलं काम टाकून धावतो. ही घंटी म्हणजे इंटरप्ट. आमच्याकडे सेकंदाला हजारोंनी घंट्या. बिचारा नुसता धावतोय, झडती कधी घेणार?

मोनाली म्हणे, बाबा, ते जुनं हिरवं नेटवर्क कार्ड डेटाच्या प्रत्येक पॅकेटागणिक घंटी वाजवून राहिलं. नवं आणा, मामला खतम. मी हसलो. ते कार्ड आमच्या कंट्रोल रूमच्या पीसीतलं, भंगाराच्या लिलावात मी स्वतः घेतलेलं. ज्याने अख्ख्या बॉयलरचं तापमान वाहिलं, त्याला एका पोरीची मीटिंग जड होईल? पोरीचं शिक्षण चांगलं आहे, पण प्लांट पाहिलेला नाही.

८ एप्रिल, मंगळवार.
निदान झालं: उष्णता. बाहेर त्रेचाळीस. हॉलमधल्या कूलरचं तोंड मशीनकडे वळवलं.

नंदिनी धंतोलीच्या हॉस्पिटलातून ड्युटी करून आली. बायको आहे, पण हॉस्पिटलात सिस्टर असल्याने घरीही राउंड घेतल्यासारखीच फिरते. म्हणे, माणसं घामानं निथळून राहिले आन् डब्याले हवा, डोकं काहून फिरलं तुमचं? तिला समजावलं, थोडा त्याग करावा लागतो वं. तिने जेवताना माझं ताट कूलरपासून सर्वांत लांब मांडलं.

इंटरप्ट तेवढेच. मशीनवर मात्र थोडं पाणी उडालं.

९ एप्रिल, बुधवार.
नवा विचार. घंट्या वाजवणारे बाहेरचे लोक कमी करा. माउस काढला. प्रिंटरची वायर काढली. शेवटी कीबोर्डही काढला. आता इंटरप्ट नक्कीच कमी झाले असणार. पाहायला कमांड द्यावी लागते. त्यासाठी कीबोर्ड लागतो.

कीबोर्ड लावून पाहिलं. कमी नव्हते. कीबोर्ड लावल्यामुळेच असेल.

मोनालीने तीन मीटिंगा मोबाइल डेटावर केल्या. आमच्या भागात टॉवर लांब, म्हणून गच्चीवर उभं राहून. उन्हात चेहरा लाल झालेला. मी पाहिलं आणि जीव कासावीस झाला. म्हणून तिला थंड पन्हं नेऊन दिलं. कार्ड नाही काढलं.

११ एप्रिल, शुक्रवार.
मोनाली म्हणे, बाबा, निदान एकदा बंद करून चालू तरी करा. मी ठाम. चालतं युनिट कोणी बंद करत नाही. शटडाऊन म्हणजे अपयश. आमच्या प्लांटमध्ये एखादं युनिट सलग चाललं की गेटवर बोर्ड लागायचा आणि पेढे वाटले जायचे. माझं मशीन रविवारपासून सलग चालू आहे. पेढ्यांचं पुढे बघू.

आणखी एक शिस्त लावली. परमिट. प्लांटमध्ये परमिट घेतल्याशिवाय कोणी कशाला हात लावायचा नाही. घरातही मशीन, टीव्ही, डबा यांच्या मागे झाडू मारायचा तरी आधी माझी परवानगी. नंदिनीने झाडू माझ्या हातात दिला आणि म्हणाली, घ्या परमिट.

१२ एप्रिल, शनिवार.
मनोहरराव आले. माझे जुने सहकारी, बॉयलर सेक्शनचे. त्यांनी मशीनला कान लावला, मग हात लावला आणि म्हणाले, काय गा, अर्थिंग पाहिली का याची?

डोक्यात लख्ख प्रकाश! प्लांटमधल्या माणसालाच हे सुचतं. चुकीचा करंट मशीनमध्ये फिरून फुकटच्या घंट्या वाजवतोय. सॉफ्टवेअरवाल्यांना अर्थिंग कुठून ठाऊक?

लगेच कामाला लागलो. अंगणात कढीपत्त्याच्या झाडाशेजारी अर्थिंगचा खड्डा. खाली तांब्याची पट्टी, वर कोळसा आणि मीठ आलटून पालटून, मग पाणी. कोळसा शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून आणला. मीठ आमच्याच स्वयंपाकघरातून.

संध्याकाळी वरण अळणी. सगळे माझ्याकडे पाहत होते.

१४ एप्रिल, सोमवार.
जयंती. सगळे पहाटे उठले. पांढरे कपडे, विहारात वंदना. नंदिनी आणि मोनाली पुढे निघाल्या, मला आंघोळीला उशीर झालेला. निघता निघता सहज मशीन पाहिलं.

इंटरप्ट पडले! अगदी तळाला! मी हॉलमध्ये एकटाच टाळ्या वाजवत होतो. अर्थिंग मुरली. विहारात सगळ्यांना जयभीम करता करता चार-पाच जणांना खड्ड्याबद्दलही सांगितलं. कढीपत्ताही टवटवीत दिसतोय.

मोनालीला सांगितलं तर म्हणाली, बाबा, घरात कोणीच नव्हतं, नेट वापरणार कोण? तिच्या पिढीला यश पटकन मान्य होत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार.
वाईट दिवस. मोनालीचं मोठं सादरीकरण. साहेब, साहेबांचे साहेब, सगळे हजर. ती बोलत होती आणि पुण्यात कोणालाच ऐकू जात नव्हतं. अर्धा तास एकटी बोलत बसली, हे तिला नंतर कळलं. साहेबांनी म्हणे कळवलं, अजून एकदा असं झालं तर पुढच्या सोमवारी पुण्यात हजर राहा.

ती रडली नाही. टेबल आवरत होती. मला तिच्यासमोर उभं राहवलं नाही, म्हणून खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून आलो.

कारण सापडलं आहे. मीठ कमी पडलं.

१६ एप्रिल, बुधवार.
किराण्यातून खड्यांचं मीठ आणलं. पूर्ण पोतं. दुकानदार म्हणे, लोणचं टाकता का काकाजी? होय म्हटलं.

दुपारी मोनाली आली आणि म्हणाली, बाबा, टीव्हीमागे फार धूळ आहे, साफ करायचं परमिट पाहिजे. मला इतकं बरं वाटलं! शेवटी पोरीने शिस्त घेतली. परमिट दिलं. नंदिनीही तिच्या मदतीला गेली. दोघी बराच वेळ सतरंजी उचलून खालची धूळ झाडत होत्या. मी पोतं ओढत अंगणात.

१७ एप्रिल, गुरुवार.
विजय. इंटरप्ट जवळजवळ नाहीत. मोनालीच्या सगळ्या मीटिंगा एकदम स्वच्छ. पोतं लागू पडलं.

मनोहररावांना बोलावून खड्डा दाखवला. ते म्हणाले, मानलं गा तुले. त्यांच्या मुलाचंही नेट अडकतं. त्यांच्याकडे मापं घ्यायला जाणार आहे.

नंदिनी आणि मोनाली एकमेकींकडे पाहून हसत होत्या. घरात आनंद असला की असं होतं.

२१ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी.
परवानगी आली! मोनाली कायम इथूनच काम करणार. मेल तिने दोनदा वाचून दाखवला आणि मी डोळे पुसायला अंगणात गेलो. धरमपेठेतून संत्रा बर्फी आणली. पहिला तुकडा मशीनवर ठेवला. नंदिनीने उचलून खाल्ला.

जेवताना छोटंसं भाषण केलं. माझ्या पद्धतीवर विश्वास ठेवल्याबद्दल दोघींचे आभार मानले. मोनालीला ठसका लागला.

आता हे सगळं लिहून काढायचं ठरवलं आहे. ‘इंटरप्टवर मिठाचा परिणाम’.

२३ एप्रिल, बुधवार.
मनोहरराव सकाळी मशीन पुन्हा पाहायला आले. वाकून पाहताना त्यांचा पाय प्लगला लागला. पंखा थांबला, दिवा विझला. सलग चाललेलं युनिट ट्रिप!

आणि आत मोनालीची मीटिंग चालू. मी धावलो. पोरीची नोकरी माझ्या मित्राच्या पायाने गेली, आता पुणे, आता रिकामी खोली, एवढं सगळं पाच पावलांत डोक्यात येऊन गेलं. दार ढकललं आणि हात जोडून उभा राहिलो.

मोनाली हसत बोलत होती. साहेबही हसत होते. कोणी थांबलेलं नव्हतं. तिने हळूच खूण केली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पाणी हवंय का विचारायला आलो.

बाहेर आलो. नंदिनी मोबाइलवर सिरियल पाहत होती. तीही न थांबता चालू. मशीन बंद आणि घरात एक माणूस ओरडला नाही.

मनोहररावांना चहा पाजून पाठवलं. मग सतरंजी उचलली. फायबरच्या डब्यातून एक पांढरी वायर टीव्हीमागून सरळ मोनालीच्या खोलीत गेलेली. डब्याचं वायफायही चालू. म्हणजे गेला आठवडाभर माझ्या फायरवॉलच्या मागे एकच माणूस सुरक्षित होता. मी.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. खड्ड्याजवळ जाऊन थोडा वेळ बसलो. कढीपत्ता मिठाने पार वाळला आहे.

मशीन पुन्हा चालू केलं. इंटरप्ट नगण्य. दोघींना काही बोललो नाही. त्याही बोलणार नाहीत, मला ठाऊक आहे.

दुपारी मोनाली जेवायला उठली, तेव्हा त्या पांढऱ्या वायरवर टोकापासून टोकापर्यंत टेप मारला आणि सतरंजी नीट ओढून ठेवली. कोणाचा पाय अडकला तर पोरीची मीटिंग तुटायची.