न तपासता दिलेली पुडी

तीर्थरूप आप्पांना साष्टांग नमस्कार.

माझी पाणथरी वाढली आहे, डॉक्टरीणबाई तिला स्प्लीन म्हणतात. काल सोनोग्राफीत ती दिसली आणि डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपून खात्री केली. घाबरू नका, मी हिंडतो-फिरतो आहे. लॉन्ड्रीतलं कामही चालू आहे, फक्त गाठोडी उचलायला मनाई आहे.

पोटाला हात लावल्याशिवाय तुम्ही आजवर कुणाला औषधाची पुडी दिली नाहीत. माझ्यासाठी नियम मोडलात, कारण मी फोनवर म्हणालो, "भूक मंदावली आहे, बाकी ठणठणीत." डाव्या बरगडीखालचा जडपणा आणि रोजचा बारीक ताप मी लपवला. तुम्ही काळजी कराल असं वाटलं. वैद्याच्या पोटी जन्मून वैद्यालाच फसवलं. मंदाग्नीवरचं तुमचं चूर्ण बरोबरच होतं, माझं सांगणं खोटं होतं. दोष स्वतःकडे घेऊ नका.

आई म्हणेल, "चांगलं नाव काढलंस बापाचं." तिला रागावू दे, पण जेवण सोडू देऊ नका. तुमचा गुडघा कसा आहे? औषधं कुटायला वहिनी येते ना?

चूर्ण सध्या थांबवलं आहे. गुरुवारी रक्ताचा रिपोर्ट येईल, मग उपचार ठरतील. त्या संध्याकाळी फोन करीन. पहिल्या दिवसापासून सगळं विचारा, या वेळी काही गाळणार नाही.

तुमचा,
धाकटा