लोण्याचा ब्रेड

अण्णा,

आज बेकरीच्या पाटीला नवा रंग दिला, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट मी तुमच्याशी बोललेली नाही.

त्या मोठ्या आजारपणानंतर तुमच्या नाकाला वास यायचा बंद झाला आणि पीठ मळायचं काम माझ्याकडे आलं. तुम्ही गल्ल्यावर बसायचात. हरसूलच्या बाजारातून येणारं लोणी उन्हाळ्यात नाशिकला पोचेपर्यंत आंबट व्हायचं. शिवाय ब्रेड दुसऱ्या दिवशी कडक होतो म्हणून दुकानदारांची कुरकुर. तेलाचा मऊ राहतो, हे मला ठाऊक होतं. तुम्हाला विचारलं असतं तर कदाचित हो म्हणाला असतात. त्याचीच जास्त चीड येते. मी विचारलंच नाही. लोणी बंद केलं आणि जेवढं लोणी तेवढंच तेल ओतलं. लोण्यात ताकाचं पाणी असतं, तेलात थेंबही नसतो, एवढी साधी अक्कल मला नव्हती.

तुमची सवय होती, पहिला ब्रेड कापून वर्तमानपत्रावर ठेवायचा. त्या दिवशी उचललात, तर खाली हा एवढा तेलाचा डाग. तुम्ही डागावरून बोट फिरवलंत, कागदाची घडी केलीत आणि सदऱ्याच्या खिशात घातलीत. आता आपली काही खैर नाही, असं मला वाटलं. ओरडला असतात तर फार बरं झालं असतं.

तेवढ्यात शाळेतल्या त्या नेहमीच्या बाई आल्या. "अण्णा, लोण्याचाच ना? आमच्या सासूबाई दुसरा तोंडात घेत नाहीत." एरवी तुम्ही ऐटीत म्हणायचात, "म्हणजे काय, लोण्याचाच." त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणालात, "हिला विचारा. आता ही करते."

किती सोपं करून दिलं होतंत. आणि मी तुमच्यादेखत म्हणाले, "हो बाई, लोण्याचाच."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही चहाबरोबर शिळी भाकरी खायला लागलात. आई म्हणायची, "घरची बेकरी असून हे काय खूळ?" तुम्ही म्हणायचात, "भाकरी बरी वाटते." मी मान खाली घालून भाकरी गरम करून द्यायचे. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात.

तेलाचं माप मी नंतर शिकले. तेल कमी, वर थोडं पाणी. आता कागदावर डाग पडत नाही, लोक आवडीने नेतात. तेलाच्या ब्रेडची मला लाज नाही, अण्णा. त्या 'हो'ची आहे, आणि ती काही केल्या कमी होत नाही.

आज पेंटर जुनी अक्षरं घासताना म्हणाला, "ताई, 'लोण्याचा ब्रेड' हेच ठेवायचं ना?" अगदी जिभेवर आलं होतं. मी म्हणाले, "हो, तेच ठेव."

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. पण फोटो दुकानात आहे, बरोबर पाटीखाली. घरीच पिठाच्या डब्याखाली ठेवते.