बाबांचं सगळं जिथल्या तिथे

प्रिय बाबा,

आज रविवार. सौंसरच्या घरी ओसरीत बसून लिहिते आहे. खरं तर लिहायचं त्राण नाही. कंबर धरली आहे, हाताचा ग्रीसचा वास दोनदा साबण लावूनही जात नाही. पण आज माय जे बोलली ते तुम्हाला सांगितल्याशिवाय उद्या पांढुर्ण्याची पहिली बस धरायला पाय उचलणार नाहीत.

तुम्ही गेलात त्याला सहाएक महिने होत आले. मोहगावच्या संत्र्याच्या बागेतलं पाण्याचं इंजिन सुरू करून दिलंत, निघालात, आणि वाटेत आंब्याखाली थांबलात. फटफटी नीट स्टँडवर, किल्ली खिशात, आणि तुम्ही बुंध्याला टेकून बसलेले! रस्त्याने जाणाऱ्यांना वाटलं, टापूवाले जरा आराम करून राहिले.

सकाळी छातीत दुखत होतं ना? "गॅस हाये," म्हणालात मायला आणि ओवा चघळत निघालात. जन्मभर लोकांची इंजिनं उघडून पाहिलीत, स्वतःची छाती डॉक्टरला दाखवायला काय झालं होतं? मला पांढुर्ण्याच्या शाळेत ट्रंककॉल आला तेव्हा मी फळ्यावर भागाकार लिहीत होते. अजून राग जात नाही तुमच्यावरचा.

टापूवाले! गावात तुम्हाला नावाने कुणी हाक मारलीच नाही. आजोबा इथलेच, करारावर ऊस तोडायला जमैकाच्या टापूवर, म्हणजे बेटावर, गेलेले. आजी तिथलीच. ती वारली आणि आठ वर्षांच्या तुम्हाला बोटीत घालून आजोबा परत आले. तुमचे कुरळे केस तेवढे तिकडचे राहिले. बोलायला लागलात की नवा माणूस चमकायचा, इतकी तुमची बोली इथली.

आणि रविवारचा तो भात! चवळी घालून नारळाच्या दुधात शिजवायचात. माय नाक मुरडायची, "भातात नारळ? काही सणवार हाये का आज?" मग तीच दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. तुम्ही गेल्यापासून तिने नारळ फोडला नाही.

मला फटफटी शिकवलीत, ते आठवतं? जामसांवलीच्या रस्त्यावर, मी पुढे, तुम्ही मागे. देवळाकडे निघालेल्या बाया थांबून बघत होत्या. मी म्हटलं, "बाबा, लोक पाहून राहिले." तुम्ही म्हणालात, "मंग नीट चालव ना, पाहू दे!" आता ती फटफटी माझ्याच जिवावर आली आहे.

कारण माय काहीच हलवू देत नाही. फटफटी ओसरीत, दाराशी आडवी. तुमची खाट तिच्या पलीकडे. चपला उंबऱ्याजवळ, चष्मा कोनाड्यात. अंथरूणसुद्धा काढू देत नाही. मी खाली सतरंजीवर झोपते. येणाराजाणारा फटफटीला ठेचकाळतो आणि माय म्हणते, "राहू दे. ते आले तं त्याईले सापडलं पायजे."

माझ्याकडे पांढुर्ण्याला चल म्हटलं, तर म्हणाली, "अन ते आले तं काय कुलूप पाहतीन?" झालं! शनिवारी शाळा सुटली की बस, इथलं पाणी, धुणं, दळण, आणि सोमवारी पहाटे पुन्हा बस. थकले हो बाबा. तुमच्यासाठी नीट रडायलाही सवड मिळाली नाही.

आज सकाळी पाण्याची घागर घेऊन येताना फटफटीत पाय अडकला. घागर फुटली, मी आपटले, आणि तिथूनच ओरडले, "नाही येनार ते, माय! आता कधीच येनार नाही!"

माय रडली नाही. तुमच्या खाटेच्या कडेला टेकली आणि हळूच बोलायला लागली.

"लगनाच्या साली त्याईनं सांगतलं होतं मले. त्याईची माय मेली तवा नवव्या रोजी बायांनी घर उलटंपालटं केलं. खाट इकडची तिकडं, पेटी तिकडची इकडं. तिकडची रीतच तशी. मेलेलं मानूस नवव्या रोजी घर पाहाले येते म्हने. घर वळखू आलं नाही का मंग आपल्या वाटेनं निंगून जाते. पन हे लहान लेकरू! माय आपल्याले वळखनार नाही म्हनून बाया गेल्यावर यानं खाट वढत वढत पुन्हा जाग्यावर आनली."

"मग?"

"मंग काय वं! बोटीत बसले तवापासून तेच जिवाले खाऊन राहिलं. माय अजून तठीच बसून असन म्हने, त्या रिकाम्या घरात, माह्यापायी. मले म्हने, मी मेलो तं घर हलवजो. अन मी सारं जिथल्या तिथं ठेवून बसली."

बाबा, हे मला का नाही सांगितलंत? एवढ्या वर्षांत एकदा तरी! सगळं हसत सांगायचात तुम्ही, मी समजत होते तिकडचं तुम्हाला फारसं आठवतच नाही.

मग आम्ही दोघी उठलो. चाकातली हवा गेलेली, फटफटी जागची हलेना. मायने पदर खोचला आणि हँडल स्वतः धरलं. मागच्या गोठ्यात नेईपर्यंत दोघींना घाम फुटला. तुमची खाट आतल्या खोलीत गेली, उशाचं पायथ्याला केलं. चष्मा पेटीत. चपला उचलताना तिचा हात थांबला, तेव्हा मी त्या घेतल्या. मग तिने स्वयंपाकघरही सोडलं नाही. दुपारी चहा करायला बसली तर साखरेचा डबा तिलाच सापडेना, आणि ती हसली. मीही हसले, आणि मग मला जे रडू आलं ते थांबेना. मायने मांडीवर घेतलं. खूप दिवसांनी.

"पुढच्या शनिवारी तू नको येऊ," म्हणाली. "मीच येईन तुह्याकडं."

तुम्हाला शब्द देते, बाबा. उद्या कदाचित मलाच मोह होईल, चष्मा काढून कोनाड्यात ठेवावासा वाटेल. पण मी काही परत जागेवर ठेवणार नाही, मायलाही ठेवू देणार नाही. तुम्ही दाराशी आलात तर तुम्हाला हे घर ओळखू येणार नाही. क्षणभर बावराल, हे माहीत असून केलंय. बावरा, बाबा. आणि मग निघा.

तुमचीच,
शालू